केटी लागली होती, हे एसओपीत लिहायचं का?

सप्टेंबर उजाडला की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा झालेली असते, परदेशी विद्यापीठांची यादी तयार असते, एसओपीचा (अर्जासोबतच्या 'मला हे का शिकायचंय' या निबंधाचा) पहिला खर्डाही झालेला असतो. आणि त्या खर्ड्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात तिसऱ्या सेमिस्टरची केटी, म्हणजे राहिलेला आणि पुन्हा द्यावा लागलेला पेपर, येऊन बसलेली असते. कधी डेंग्यू, कधी वडिलांची गेलेली नोकरी, कधी नुसतंच "काही वैयक्तिक कारणांमुळे". खाली प्रश्न ठरलेला: "ताई, हे ठेवू की काढू?"

मी मुंबई विद्यापीठातून इंजिनीअरिंग केलं, एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, केटीसकट. पुढे अमेरिकेत एमएस करून परत आले आणि तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या मुलामुलींचे खर्डे वाचत आले आहे. माझं मत आधीच सांगते: बहुतेकांनी हे एसओपीतून काढावं. केटीचं कारण खरोखर सांगण्यासारखं असेल तर फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळी जागा असते, तिथे चार ओळी लिहाव्यात. तुम्ही या "बहुतेकांत" बसता की नाही, हे ठरवायची पद्धत खाली क्रमाने देते.

१. सगळी गुणपत्रकं एकत्र मांडा

पहिल्या सेमिस्टरपासून आठव्यापर्यंतचं प्रत्येक गुणपत्रक बाहेर काढा, नापास झालेलंसुद्धा. घरच्यांपासून लपवता लपवता एखादं गहाळ झालं असेल तर कॉलेजच्या एक्झाम सेलमध्ये आजच चौकशी करा. डुप्लिकेटला वेळ लागतो आणि डिसेंबरची अंतिम तारीख कुणासाठी थांबत नाही.

आता परीक्षेचा महिना बघा. विषम सेमिस्टरची नियमित परीक्षा एरवी नोव्हेंबर-डिसेंबरात होते. तिसऱ्या सेमिस्टरच्या गुणपत्रकावर मे महिना छापलेला असला, तर आपल्याकडचे अर्ज नेहमी वाचणाऱ्याला केटी कळायला आणखी काही लागत नाही. ग्रेस मिळाली असेल तर तिचीही खूण कागदावर असते. तेव्हा "मी बोललो नाही तर कळणार नाही" हा हिशेब सोडून द्या. याच्या उलटही घडतं: काही एकत्रित ट्रान्सक्रिप्टवर फक्त शेवटचे गुण येतात, ते कितव्या प्रयत्नात मिळाले ते येत नाही. म्हणून आपण नेमका कोणता कागद अपलोड करणार आहोत आणि त्यात काय दिसतं, हे स्वतः एकदा परक्या नजरेने वाचा. सर्व प्रयत्नांची गुणपत्रकं मागितली असतील तर सगळी द्यायची. तिथे हुशारी नको, लपवलेलं नंतर उघडं पडलं तर हातात आलेला प्रवेशही जातो.

मग कोऱ्या कागदावर आठ सेमिस्टरचे एसजीपीआय (त्या-त्या सेमिस्टरची दहापैकी सरासरी) एका ओळीत लिहा. मधेच एक खड्डा आणि दोन्ही बाजूंना बरे आकडे असतील, तर वाचणाऱ्याच्या मनात "इथे काय झालं?" येणारच. सुरुवात कमी आणि मग चढ असेल, तर सहसा काही सांगायची गरज नसते. शेवटच्या वर्षात उतार असेल तर मात्र गप्प बसू नका, कारण प्रवेश समितीला सगळ्यात जास्त काळजी ताज्या गुणांची असते. आणि आठही सेमिस्टर साडेसहाच्या आसपास असतील, तर खुलासा करण्यासारखं काही घडलेलंच नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्याबद्दल पाचव्या पायरीत.

२. कुठला विषय राहिला, ते पाहा

पहिल्या वर्षी मेकॅनिक्स किंवा ड्रॉइंग राहिलं आणि तुम्ही कम्प्युटर सायन्सला अर्ज करताय? एक शब्द खर्च करू नका. तिकडच्या प्राध्यापकाला त्याचं सोयरसुतक नाही. पण अर्ज मशीन लर्निंगला आणि केटी गणिताची, किंवा अर्ज व्हीएलएसआयला (चिप डिझाइनला) आणि केटी इलेक्ट्रॉनिक डिव्हायसेसची, तर तो विषय त्यांच्या कामाचा आहे. अशा वेळी कारणापेक्षा पुरावा शोधा. एम-थ्री राहिलं पण मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी असलेल्या एम-फोरमध्ये चांगली ग्रेड आली, हे वाक्य कुठल्याही आजारपणापेक्षा जड आहे. तेही नसेल तर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा, त्याच विषयाचा कोर्स करून केंद्रावर जाऊन देण्याची परीक्षा द्या. व्हिडिओ बघून मिळणारं प्रमाणपत्र आणि ही परीक्षा यात फरक आहे, आणि तो वाचणाऱ्यालाही कळतो.

इथेच एक नेहमीचा सापळा. दहापैकी मिळालेला सीजीपीआय (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी) अडीचने भागून चारच्या मोजपट्टीवर आणायचा आणि तो फॉर्ममध्ये टाकायचा. ७.५ चे ३.० होतात, अमेरिकेतल्या अनेक ग्रॅज्युएट स्कूल्सची किमान अट ३.० असते, म्हणून मन खूश होतं. पण बरीच विद्यापीठं स्पष्ट सांगतात की रूपांतर करू नका, गुण मूळ मोजपट्टीवरच लिहा. आणि ६.८ वाल्यांनी तोच भागाकार करून निराश होण्यातही अर्थ नाही, कारण विद्यापीठांची मोजण्याची रीत निराळी असू शकते. डब्ल्यूईएस या परदेशी गुणपत्रकं तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन मागितलं असेल तर आकडा ते काढतील.

३. कारण चाळून घ्या

तुमचं कारण तीन प्रश्नांतून जाऊ द्या. ते घडलं ती तारीख आणि गुण घसरले ती परीक्षा जुळते का? ते संपलं का, किंवा आटोक्यात आलं का? आणि ते संपल्यावर गुण सुधारलेले दिसतात का? तिन्हींची उत्तरं "हो" असतील तर सांगा. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर कारण कितीही खरं असलं तरी ते तुमच्याच विरोधात जातं. वाचणारा म्हणतो, अडचण गेली, मग गुण का नाही आले?

आता आपल्याकडची नेहमीची कारणं घेऊ.

आजारपण. पावसाळा सरताना डेंग्यू-मलेरिया आणि लगेच परीक्षा, हे मुंबईत कुणालाही पटेल. परदेशात बसलेल्याला ते ऋतुचक्र माहीत नसतं, म्हणून तारखा द्या. दवाखान्याचे कागद असतील तर उत्तम. नसतील तर ओळखीच्या डॉक्टरकडून मागची तारीख टाकून प्रमाणपत्र आणायच्या भानगडीत पडू नका.

मानसिक आजार. यावर लोक सरसकट "लिहूच नका" म्हणतात, मला ते पटत नाही. लिहायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे, पण निदानाचं नाव सांगण्याचं बंधन कुठेच नाही. "प्रकृतीच्या कारणाने त्या वर्षी उपचार घेत होते, ते पूर्ण झाले आहेत" एवढंही पुरतं. त्यापुढचे गुण लगेच जोडा.

घरची अडचण. वडिलांचं आजारपण, दुकान बंद पडणं, स्वतः कॉलेज सांभाळून नोकरी करणं. ही कारणं खरी असतात आणि आपली मुलं नेमकी हीच लिहायला लाजतात. संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून घर चालवायला हातभार लावत होतात तर ते लिहा, आठवड्याला साधारण किती तास तेही लिहा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

लोकलचा प्रवास. क्षमा करा, पण नाही. विरारहून माटुंग्याला उभ्याने येणाऱ्यांत टॉपरही असतात. घरून कॉलेजला जायला-यायला चार तास लागत होते, हे दुसऱ्या एखाद्या मोठ्या कारणाच्या जोडीला अर्ध्या वाक्यात येऊ शकतं, एकटं उभं राहू शकत नाही.

कोविड. "कोविडमुळे" एवढंच लिहून थांबू नका. महाराष्ट्रात २०२१ ची बारावीची परीक्षाच रद्द झाली, ऑनलाइन लेक्चर्स सगळ्या जगाने केली. घरात फोन एक आणि भावंडं तीन होती, तर ते लिहा.

"मुंबई विद्यापीठाची तपासणी कडक आहे." हे वाक्य मी इतक्या खर्ड्यांत वाचलंय की आता हसू येतं. खरं असलं तरी तुम्ही लिहायचं नाही. तुमच्याच वर्गातला दुसरा अर्जदार त्याच तपासणीत नऊ घेऊन तिथे पोहोचलेला असतो.

ब्रँच आवडत नव्हती. कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) मेकॅनिकल मिळालं, जीव कोडिंगमध्ये होता. हे गुणांचं कारण म्हणून रडगाणं वाटतं. पण त्याच काळात कोडिंगमध्ये काय केलंत हे सांगितलं, तर ते एसओपीचा गाभा होऊ शकतं. मग गुणांचा उल्लेखही लागत नाही.

कॉलेज फेस्टिव्हल आणि कमिटीचं काम. गुण कमी पडण्याचं कारण म्हणून कधीही नाही.

४. लिहायचं तर कुठे

फॉर्म शेवटपर्यंत उघडून पाहा. बऱ्याच ठिकाणी "अतिरिक्त माहिती" अशा नावाचा रकाना असतो किंवा वेगळी फाइल जोडायची सोय असते. खुलासा तिथे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे बर्कली आणि तिच्या बहिणींकडे, अनेक विभाग एसओपीशिवाय पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट असा दुसरा निबंध मागतात. घरची परिस्थिती, नोकरी करून शिकणं, हे त्यात सहज बसतं. अशी कुठलीच जागा नसेल तरच एसओपीत लिहा, आणि तेही शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. पहिल्या परिच्छेदात तर नाहीच. तिथे तुम्ही काय शिकणार आणि का, एवढंच यायला हवं.

जर्मनीला निघालेल्यांसाठी वेगळी गोष्ट. तिथल्या अनेक सरकारी विद्यापीठांत तुमचे गुण सरळ सूत्रात घातले जातात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. कमाल १०, पास व्हायला ४ आणि तुमचे ७ असतील तर उत्तर येतं २.५. तिकडे १ सर्वोत्तम. कोर्सची अट २.५ ची असेल तर तुम्ही आत, ती २.३ ची असेल तर डेंग्यूची कितीही हृदयद्रावक कहाणी उपयोगाची नाही. त्यामुळे तिथे खुलासा लिहिण्यात वेळ घालवण्यापेक्षा अटीत बसणारे कोर्स शोधा. आणि एपीएसच्या, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं अस्सल असल्याच्या प्रमाणपत्राच्या, मागे लवकर लागा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते लागतं.

५. चार ओळी कशा लिहायच्या

प्रत्यक्षात हे इंग्रजीत जाणार, पण समजायला सोपं म्हणून मराठीत देते. खर्ड्यात सहसा असं असतं:

"तिसऱ्या सेमिस्टरमध्ये दुर्दैवाने माझ्यावर अत्यंत कठीण प्रसंग ओढवला. मी पूर्णपणे खचून गेलो. त्यातच विद्यापीठाची तपासणी कडक असल्याने मला अपेक्षित गुण मिळाले नाहीत. तरीही मी हार मानली नाही आणि या अनुभवाने मला जिद्द शिकवली."

यात काय झालं ते नाही, कधी झालं ते नाही, पुढे किती गुण आले तेही नाही. आहे ती फक्त भावना. आता हे वाचा:

"तिसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी मी डेंग्यूमुळे नऊ दिवस रुग्णालयात होतो. गणित-३ आणि आणखी एक पेपर राहिला, दोन्ही पुढच्या मे महिन्यात सुटले. चौथ्या ते आठव्या सेमिस्टरमध्ये माझा एसजीपीआय ८ च्या खाली गेलेला नाही. रुग्णालयाचे कागद मागितल्यास देऊ शकतो."

"दुर्दैवाने" गेलं, "खचलो" गेलं, विद्यापीठ गेलं, जिद्द गेली. वाचणाऱ्याला हवी असलेली प्रत्येक गोष्ट राहिली. शेवटचं वाक्य कागद खरोखर हातात असतील तरच. माफी मागू नका, "मला समजून घ्याल अशी आशा आहे" तर नकोच.

कारण नसलेल्यांसाठी, म्हणजे त्या सपाट साडेसहावाल्यांसाठी: कारण बनवू नका. अभ्यासात तेव्हा मन नव्हतं, एवढंच खरं असेल तर ते लिहिण्याची सक्ती कुणी केलेली नाही. तुमची ताकद फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये, दोन-तीन वर्षांच्या नोकरीत, गिटहबवरच्या कामात, जीआरईच्या क्वांटमध्ये (गणिताच्या भागात) शोधा. १७० पैकी चांगला क्वांट स्कोअर गणिताबद्दलची शंका बरीच कमी करतो. काही विभाग जीआरई ऐच्छिक ठेवतात. गुण कमी आणि स्कोअर चांगला असेल तर ऐच्छिक असला तरी पाठवा.

एक सावधगिरी. दादर-ठाण्यापासून बोरिवलीपर्यंत कन्सल्टन्सीच्या ऑफिसांत तयार परिच्छेद मिळतात. नाव आणि सेमिस्टर बदललं की झालं. मी एकाच ऑफिसातून आलेले दोन खर्डे शेजारी ठेवून वाचले आहेत: दोघांच्याही आजोबांचं निधन पाचव्या सेमिस्टरच्या व्हायवाच्या आदल्या दिवशी, शब्दाला शब्द सारखं. दोघांचे अर्ज एकाच विद्यापीठाला जाणार होते.

६. तुमच्याऐवजी सरांना सांगू द्या

माझ्या मते सगळ्यात प्रभावी मार्ग हाच, आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही. तुम्ही "मी आजारी होतो" म्हणणं आणि एचओडींनी शिफारसपत्रात "हा विद्यार्थी त्या सेमिस्टरला आजारी होता, पण परत आल्यावर प्रयोगशाळेत सगळ्यात आधी हजर असायचा" म्हणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या शिक्षकांना तो काळ माहीत आहे त्यांना भेटा, दोन ओळी घालाल का असं सरळ विचारा. "सर, जमलं तर तिसऱ्या सेमबद्दल थोडं लिहाल का? माझ्या तारखा या कागदावर आहेत." बहुतेक जण हो म्हणतात.

अडचण अशी की आपल्याकडे बरेच सर "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणतात. शक्यतो टाळा. स्वतःच्या भाषेत लिहिलेलं शिफारसपत्र एसओपीसारखंच वाजतं. त्याऐवजी एका पानावर मुद्दे द्या: कोणता विषय त्यांनी शिकवला, कोणता प्रोजेक्ट त्यांच्याकडे केला, कधी काय घडलं. वर्गात तुमचा क्रमांक वरचा असेल तर तोही त्यांनाच लिहू द्या. तपासणी कडक असल्याची तक्रार जे सांगू शकत नाही, ते "साठ जणांत सातवा" हे शब्द सांगतात.

७. हाताशी ठेवायचे कागद

सर्व सेमिस्टरची गुणपत्रकं, केटीच्या प्रयत्नांसकट, स्कॅन करून एका क्रमाने नाव दिलेल्या फाइल्स. ट्रान्सक्रिप्ट: कॉलेज देणार की कलिन्याहून विद्यापीठाचं लागणार, हे प्रत्येक विद्यापीठाच्या अटीत पाहा. अर्जाच्या वेळी बहुतेकांना स्कॅन चालतो, सीलबंद किंवा थेट पाठवलेली प्रत प्रवेशानंतर मागतात. ग्रेड कशी मोजतात ते छापलेलं मागचं पान स्कॅन करायला विसरू नका. कॉलेज स्वायत्त असेल तर ते जास्तच महत्त्वाचं. आजारपण लिहिणार असाल तर डिस्चार्ज कार्ड. नोकरी लिहिणार असाल तर पगाराची स्लिप किंवा पत्र. काही विद्यापीठं बॅकलॉग (म्हणजेच केटी) प्रमाणपत्र मागतात, ते कॉलेजमधूनच मिळतं. हे पुरावे मागितल्याशिवाय जोडायचे नाहीत, पण मागितले तर दोन दिवसांत देता आले पाहिजेत.

८. बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी

तुमचा घोळ वेगळा असतो: अकरावी. अमेरिकेतली कॉलेजं नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण बघतात आणि आपल्याकडे अकरावी म्हणजे जेईई-नीटचे क्लास, कॉलेजात फक्त हजेरीपुरतं. दहावीला ९२ आणि अकरावीला ५८ असं चित्र दिसलं की त्यांना कोडं पडतं. क्लासच्या तयारीमुळे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेकडे दुर्लक्ष झालं, हे खरं कारण आहे. पण ते तुम्ही न लिहिता कॉलेजतर्फे समुपदेशकाचा अहवाल भरणाऱ्या शिक्षकांनी लिहिलं तर जास्त बरं. ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक नसेल तर उपप्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना आधीच गाठा. नववीचं गुणपत्रक शाळेतून आणायचं आहे, हेही लक्षात ठेवा.

कॉमन अॅपचा (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जाचा) मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, तो गुणांवर घालवू नका. अतिरिक्त माहितीच्या रकान्याची मर्यादा २०२५-२६ पासून ३०० शब्दांवर आली आहे, आणि अडचणी-परिस्थितीसाठी २५० शब्दांची वेगळी जागा आहे. तुम्हाला त्यातले ८० पुरतील. इंग्लंडला यूकासमधून (तिथल्या सामाईक अर्जपद्धतीतून) जाणार असाल तर वैयक्तिक परिस्थितीची माहिती शिक्षकांच्या संदर्भपत्रात जाते. तुमचे मिळून ४,००० अक्षरांचे तीन प्रश्न अभ्यासाच्या आवडीसाठीच ठेवा.

९. व्हिसाच्या खिडकीवर

आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठाकडून येणारा फॉर्म) आला, बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळाली, तरी केटीचा प्रश्न तिथे पुन्हा निघू शकतो. "किती बॅकलॉग?" असं विचारलं तर आकडा सांगा, केटीचं कारण विचारलं तर एका वाक्यात कारण सांगा आणि थांबा. अर्जात जे लिहिलंय त्याच्याशी ते जुळायला हवं, म्हणून खुलाशाची एक प्रत फोल्डरमध्ये ठेवा आणि आदल्या रात्री वाचून जा. शिफारसपत्रात सरांनी काय लिहिलं ते तुम्हाला दिसत नाही, तेव्हा त्यांना दिलेल्या मुद्द्यांचा कागदही त्याच फोल्डरमध्ये असू द्या.